ड्राफ्ट्समन ते राजा : लाला दीनदयाळ

मित्रांनो, गेल्या सुट्टीत लायब्ररीतल्या जुन्या फोटोंची यादी करायचं काम आम्हा चौघांच्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर आम्ही 'हो' म्हटलं ते पंख्याखाली बसायला मिळेल आणि दोन वेळचा चहा फुकट मिळेल म्हणून. मेस बंद होती, घरी जायचं तिकीट आठ दिवसांनंतरचं होतं, वेळ जात नव्हता.

दोन लोखंडी कपाटं, त्यात खाकी पाकिटं, आणि पाकिटांत फोटो. कॉलेजच्या मुख्य इमारतीचा पाया खणताना, वर्कशॉपमध्ये पहिली लेथ बसवताना, गावातला जुना पूल, पुलाच्या कमानीपर्यंत आलेलं पुराचं पाणी, गॅदरिंगमधले नाटकवाले, पँटच्या पायांची बॉटम फुटभर रुंद असलेली एक बॅच. पहिला दिवस नुसता हसण्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र हसू आटलं. कारण दहापैकी सात फोटोंच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. कोण, कुठे, कधी, काही पत्ता नाही.

त्यात होस्टेलचा एक ग्रुप फोटो निघाला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली सुबक अक्षरात नावं. खुर्चीवर बसलेल्यांची सगळी नावं डिग्रीसकट. मधल्या रांगेतल्या विद्यार्थ्यांची आडनावं. आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, धोतर नेसलेला, खांद्यावर पंचा टाकलेला एक माणूस आणि त्याच्या बाजूला दोन पोरं. त्यांच्यासाठी एकच शब्द : इतर. तो माणूस बहुतेक मेसचा आचारी असावा असा आमचा अंदाज. पण अंदाजच.

आमचे ग्रंथपाल सर तेव्हा चहा घेता घेता एका माणसाबद्दल बोलले. तो आपल्यासारखाच इंजिनिअरिंग शिकलेला, पीडब्ल्यूडीत चिकटलेला, आणि पुढे फोटोग्राफीत इतका मोठा झाला की निजामाने त्याला राजा केलं. लाला दीनदयाळ. नाव ऐकल्यासारखं वाटलं, पण माहिती शून्य. मग उरलेल्या सुट्टीत मिळेल ते वाचलं. त्यांचे बरेचसे फोटो आज कोणाचे, कुठले, कधीचे हे सांगता येतं. आमच्या कपाटातल्या फोटोंचं सांगता येत नाही. हा फरक का पडला, ते शोधता शोधता त्यांची सगळी गोष्टच हाती लागली. तीच इथे सांगतो.

रुरकीचं कॉलेज

दीनदयाळ यांचा जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधना गावी, एका जैन घरात. घराण्याचा व्यवसाय जवाहिऱ्याचा. म्हणजे बारीक नजर घरातूनच आली म्हणायला हरकत नाही. पण मुलगा दुकानावर बसला नाही. तो गेला रुरकीला, थॉमसन कॉलेजात. आजचं आय.आय.टी. रुरकी ते हेच.

या कॉलेजचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. गंगेचा मोठा कालवा खणायचं काम चालू होतं. रुरकीत तर तो कालवा सोलानी नदीच्या डोक्यावरून, जलसेतूवरून न्यायचा होता. एवढ्या कामाला माणसं लागणार. लेव्हल घेणारी, नकाशे काढणारी, माती किती खणली याचा हिशेब ठेवणारी. सगळी विलायतेतून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून 1847 मध्ये तिथे इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं. कालव्यात पाणी सुटलं 1854 मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे पुण्यातही इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, त्याचंच पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं.

थोडक्यात काय, या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या देशी विद्यार्थ्यांनी सरकारी खात्यात नीटनेटकं काम करावं एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. साहेबाने ठरवायचं, यांनी मोजायचं आणि काढायचं. दीनदयाळही त्याच वाटेने गेले. 1866 मध्ये, म्हणजे 22 व्या वर्षी, ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत लागले. हुद्दा : मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन.

इंदूरचं टेबल

इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. मराठी माणसाला तिथे परकं वाटू नये असं गाव. गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. हे महाराज नव्या गोष्टींच्या बाबतीत भलतेच पुढे. खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला चक्क 1 कोटी रुपये कर्ज दिलं होतं. शिवाय मध्य हिंदुस्थानातल्या सगळ्या संस्थानांवर देखरेख ठेवणारा गव्हर्नर जनरलचा एजंटही इंदूरलाच राहायचा. त्यामुळे गावात इमारती, रस्ते, पूल, पाहुणे, दरबार यांची सतत धामधूम.

अशा गावात आपले दीनदयाळ आठ वर्षं टेबलावर बसून एस्टिमेट आणि ड्रॉइंग करत होते. आपल्यापैकी ज्यांनी एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगचा पेपर दिला आहे त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. विटांचं काम किती ब्रास, लाकूड किती घनफूट, दर काय, बेरीज काय. एक आकडा चुकला की खालचे सगळे चुकतात. आणि ड्रॉइंग म्हणजे प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन. शीटच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक. त्यात कामाचं नाव, शीटचा नंबर, स्केल, तारीख, सही. टायटल ब्लॉक नसेल तर आजसुद्धा सर शीट तपासत नाहीत, तशीच परत करतात. रेघ कितीही सुरेख असली तरी.

ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तिसाव्या वर्षी नवा नाद

1874 मध्ये दीनदयाळ यांनी कॅमेरा हातात घेतला. वय 30. नोकरी पक्की, संसार मागे. या वयात माणसं नवीन काही शिकत नाहीत असं आपण समजतो. त्या वेळी इंदूरला एजंट होते सर हेन्री डेली, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आजही इंदूरला आहे. त्यांनी दीनदयाळ यांना प्रोत्साहन दिलं. तुकोजीराव महाराजांनीही हात दिला. थोड्याच दिवसांत या हौशी ड्राफ्ट्समनच्या कॅमेऱ्यासमोर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक बसले, आणि 1875-76 मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्या दौऱ्याचेही फोटो दीनदयाळ यांनी घेतले.

नाद म्हणताना आपल्या डोळ्यासमोर मोबाइल येतो. म्हणून त्या काळी एक फोटो म्हणजे किती व्याप होता ते जरा बघू. फिल्म नव्हती, काच होती. आधी काच लख्ख पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून, काच हातावर तिरकी करत करत, सगळीकडे सारखं पसरवायचं. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून सेकंद मोजायचे, आणि लेप वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन डेव्हलप करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात तो लेप किती भराभर सुकत असेल याची कल्पना करा. त्यामुळे फोटोग्राफर जाईल तिथे त्याच्याबरोबर अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची भांडी आणि काचांच्या पेट्या जायच्या. 1880 नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या तेव्हा ही धावपळ कमी झाली. तरी काचेचं वजन आणि फुटण्याची भीती होतीच.

शिवाय छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो करायची सोय तेव्हा व्यवहारात नव्हती. निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवायची, जेवढी काच तेवढा फोटो. 10 इंच बाय 12 इंचाचा फोटो हवा असेल तर काचही तेवढीच. कागदाला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असायचा, त्यामुळे त्याला ती तांबूस तपकिरी चकाकी यायची. जुन्या फोटोंचा तो रंग आज आपण मोबाइलमध्ये मुद्दाम आणतो, तेव्हा तो आपोआप येत होता.

ड्राफ्ट्समनची नजर

डेलींच्या नंतर आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांना जुन्या वास्तूंचा नाद होता. 1882 मध्ये ते बुंदेलखंडच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर घेतलं. ग्वाल्हेरचा किल्ला, दतियाचा राजवाडा, ओर्छा, खजुराहो, सांचीचा स्तूप. या फोटोंचं एक मोठं पुस्तक 1886 मध्ये निघालं. लेखन ग्रिफिन यांचं, फोटो दीनदयाळ यांचे.

हे फोटो बघताना आपल्याला एक गोष्ट लगेच जाणवेल. इमारत सरळ उभी आहे. तुम्ही मोबाइलने होस्टेलच्या चार मजल्यांचा फोटो काढून बघा. वरचा मजला मावावा म्हणून मोबाइल वर कलवला की भिंती वर एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे पडते आहे असं दिसतं. दीनदयाळ यांच्या फोटोत असं होत नाही. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात युक्ती होती. कॅमेरा लेव्हलमध्येच ठेवायचा आणि फक्त पुढची लेन्सची फळी वर सरकवायची. मग उभ्या रेषा उभ्याच राहतात. युक्ती सगळ्यांनाच माहीत होती, पण दरवेळी लेव्हल लावायचा कंटाळा न करणं हे ड्राफ्ट्समनचं काम. ज्याने आठ-दहा वर्षं एलिव्हेशन काढली त्याला वाकडा खांब कसा चालेल?

दुसरी गोष्ट म्हणजे स्केल. त्यांच्या वास्तूंच्या अनेक फोटोंत कुठेतरी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो, दाराजवळ, खांबाशी. त्याच्यामुळे दार किती उंच, खांब किती जाड याचा लगेच अंदाज येतो. आपण साइटवर भेगेचा फोटो घेताना बाजूला पेन किंवा फूटपट्टी ठेवतो, तसंच.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नंबर. त्यांच्या फोटोंवर खालच्या कडेला बारीक पांढऱ्या अक्षरांत नंबर असतो, पुष्कळदा ठिकाणाचं किंवा प्रसंगाचं नावही. अक्षरं पांढरी का, तर ती निगेटिव्हवर शाईने लिहिलेली असतात. शाईतून ऊन जात नाही, म्हणून खालचा कागद तेवढाच कोरा राहतो. लेपाच्या बाजूने लिहायचं तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात. रोज असं उलटं लिहायचं म्हणजे किती वेळखाऊ काम! पण त्यामुळे फोटो आणि त्याची माहिती वेगळी होऊ शकत नाही. पाकीट हरवलं, वही जळली, तरी नंबर फोटोतच. शीटचा टायटल ब्लॉकच तो.

राजा मुसव्विर जंग

1880 च्या दशकाच्या मध्याला दीनदयाळ यांनी लांबलचक रजा काढली आणि पुढे सरकारी नोकरीला कायमचा रामराम ठोकला. पीडब्ल्यूडीची पक्की नोकरी! घरचे काय म्हणाले असतील ते आपण आपल्या घरावरून ओळखावं. पण तोवर व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी 1885 मध्ये त्यांना आपला फोटोग्राफर नेमलं होतं, आणि हैदराबादच्या सहाव्या निजामाचा, मीर महबूब अली खानांचा, दरबार त्यांना बोलावत होता. 1886 मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ उभा राहिला. दुकानाचं नाव लाला दीनदयाळ अँड सन्स. धरमचंद आणि ग्यानचंद ही मुलं हाताशी आली.

निजामाच्या राज्यात त्यांनी काय टिपलं नाही? राजवाडे, मिरवणुका, पलटणी, शिकारी, मेजवान्या, उमराव घराणी. तिथल्या पडद्यातल्या बायकांना पुरुष फोटोग्राफरसमोर बसता येत नसे. त्यांच्यासाठी 1892 मध्ये त्यांनी हैदराबादला वेगळा जनाना स्टुडिओ काढला. आत सगळा कारभार बायकांचा आणि चालवायला एक इंग्रज बाई. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून केलेलं हे डिझाइन म्हणायला हवं.

इथे आपला आणि त्यांचा थेट संबंध येतो. आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वेरूळचं कैलास लेणं, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचा बीबी का मकबरा, या सगळ्यांचे दीनदयाळ यांनी घेतलेले फोटो आहेत. आपण शाळेच्या ट्रिपला जिथे ओळीने उभं राहून फोटो काढला, तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी हा माणूस काचांच्या पेट्या घेऊन उभा होता.

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या फोटोंना पदक मिळालं. 1894 मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. निजाम स्वतः शायर होते, त्यांनी दीनदयाळ यांच्या कलेवर एक शेरही रचला. 1896 मध्ये मुंबईला स्टुडिओ निघाला. राणी व्हिक्टोरियाचे फोटोग्राफर असा सनदी मानही पदरात पडला. एस्टिमेटच्या टेबलावरून इथपर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांचा.

औरंगाबादचे फोटो

मला वाटलं होतं की लेख इथे संपेल. गरीब हुशार मुलगा, कष्ट, यश, किताब, टाळ्या. पण वाचताना मधेच एक वेगळाच संच समोर आला आणि मी अडकलो.

1899 मध्ये पाऊस दडी मारून बसला. विक्रम संवत 1956 होतं, म्हणून या दुष्काळाला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. गुजरात, राजपुताना, खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा सगळीकडे हाहाकार. निजाम सरकारने औरंगाबाद भागात दुष्काळी कामं काढली. त्या कामांचे फोटो घ्यायला दीनदयाळ यांच्या फर्मला सांगितलं गेलं. 1899-1900 मध्ये घेतलेले ते फोटो आज उपलब्ध आहेत.

वाड्यांचे आणि मेजवान्यांचे फोटो घेणारा हाच कॅमेरा. तीच लेव्हल, तीच धारदार नजर. समोर मात्र बरगड्या मोजता येतील अशी माणसं. पोटं खपाटीला गेलेली, पोरं मांडीवर, काही उभी राहू शकत नाहीत म्हणून बसलेली. फोटोसाठी त्यांना रांगेत लावलेलं आहे. पलटणीच्या अधिकाऱ्यांना लावतात तसंच. ग्रुप फोटोच तो.

सरकारला ते फोटो कशासाठी हवे होते हे उघड आहे. आम्ही किती मदत केली हे दाखवायला. प्रोग्रेस रिपोर्टला फोटो जोडतात तसे. पण फोटो बघताना रिपोर्ट बाजूला राहतो आणि त्या माणसांचे डोळे दिसतात. आपल्याकडच्या त्या दुष्काळाबद्दल आकडे पुष्कळ वाचायला मिळतात, पण समोर चेहरा उभा करणारं फार थोडं आहे. त्या थोड्यात हे फोटो येतात.

या फोटोंना ठिकाण आहे, वर्ष आहे, प्रसंग आहे. टायटल ब्लॉक भरलेला आहे. फक्त माणसांची नावं नाहीत. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1902 मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला आले. मारलेला वाघ पुढे, मागे कर्झन आणि लेडी कर्झन, हा दीनदयाळ यांचा फोटो जगभर प्रसिद्ध आहे. त्या फोटोत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. औरंगाबादच्या रांगेत कोण होतं हे कोणालाही ठाऊक नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही.

यात दीनदयाळ यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ते ज्या कामावर होते त्या कामाच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. आपण साइटवर मजुरांची हजेरी घेतो तेव्हाही स्त्री इतक्या, पुरुष इतके, असेच आकडे पुष्कळदा पुढे जातात. पण एवढा काटेकोर माणूस, काचेवर उलटी अक्षरं लिहायचा कंटाळा न करणारा, त्याच्या हातूनही हे सुटलं. मग आपलं काय?

काचांचं पुढे काय झालं

1903 च्या दिल्ली दरबाराचे फोटो हे त्यांचं शेवटचं मोठं काम. 5 जुलै 1905 रोजी दीनदयाळ वारले. वय 61. मागे हजारो काचा राहिल्या. काचेची निगेटिव्ह सांभाळणं म्हणजे काय ते विचारा. ती जड, फुटणारी, दमटपणात लेप सुटणारी. धंदा बसला की असा माल घरात अडचण वाटू लागतो. पुष्कळ काचा गेल्याच. पण कुटुंबीयांनी एक मोठा साठा जपला, आणि 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातल्या 2857 काचा विकत घेतल्या. 2006 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. आता त्यांच्यावर पुस्तकं आहेत, प्रदर्शनं भरली आहेत, जगातल्या मोठ्या संग्रहांत त्यांचे फोटो आहेत.

या 2857 काचा आज उपयोगाच्या आहेत त्या नुसत्या सुंदर आहेत म्हणून नाही. नंबरावरून फोटो जुळवता येतो, ठिकाण आणि वर्ष शोधता येतं. आमच्या कपाटातला पुराचा फोटोही तसा सुंदरच आहे. पण तो कोणत्या सालचा पूर हे कळलं असतं तर सिव्हिलच्या मुलांना पुलाच्या खांबावरून पाण्याची उंची काढता आली असती. साल नाही, म्हणून तो फक्त भिंतीवर लावायच्या कामाचा.

आपलं कपाट

सुट्टी संपेपर्यंत आम्ही 412 फोटोंची यादी केली. प्रत्येकाला नंबर दिला. पाठीमागे मऊ पेन्सिलने लिहिलं. बॉलपेन वापरायचं नाही, दाब दिला की पुढच्या बाजूला उमटतं, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फोटो कडेला धरायचा, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. ज्याची माहिती मिळाली ती रजिस्टरमध्ये लिहिली. ज्याची नाही, तिथे रकाना मोकळा ठेवला. अंदाज लिहायचा नाही हा नियम.

त्या होस्टेलच्या ग्रुप फोटोसाठी आम्ही पुष्कळ फिरलो. वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका काकांनी मधल्या रांगेतले तिघे ओळखले. त्यांनीच सांगितलं, मेसच्या जुन्या माणसांबद्दल सगळं माहीत असलेले एक आजोबा स्टेशनमागे राहतात, त्यांच्याकडे जा. आम्ही सबमिशनच्या गडबडीत पंधरा दिवस लावले. गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारच्या मावशींनी सांगितलं, आजोबा गेल्या आठवड्यातच गेले.

त्या दिवशी परत येताना आमच्यात कोणी फारसं बोललं नाही.

पंचा टाकलेल्या त्या माणसाने कमीत कमी एका बॅचला रोज दोन वेळा जेवू घातलं असेल. त्या पोळ्यांवर किती इंजिनिअर झाले असतील! खुर्चीवर बसलेल्यांची नावं कॉलेजच्या बोर्डावरही आहेत, ती कुठे जात नाहीत. याचं नाव फक्त त्या फोटोखाली राहू शकलं असतं.

म्हणून ही विनंती. यादीतला नंबर 137, होस्टेलचा ग्रुप फोटो, लायब्ररीच्या दारातल्या बोर्डावर लावला आहे. माजी विद्यार्थी, कर्मचारी, आपल्या मेसचे मामा, कोणालाही तो माणूस किंवा ती दोन पोरं ओळखीची वाटली तर ग्रंथपाल सरांकडे रजिस्टर आहे. रकाना मोकळाच ठेवला आहे.

आणि मित्रांनो, या वर्षीच्या फायनल इयरच्या ग्रुप फोटोला सिक्युरिटीचे काका, झाडणाऱ्या मावशी आणि मेसमधली सगळी मंडळी उभी राहणार आहेत. त्यांची पूर्ण नावं आधीच विचारून ठेवा, स्पेलिंग नीट घ्या. खाली "इतर" लिहायची वेळ येऊ देऊ नका.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी